हिरव्या पाण्याचा संशय

सोमवार, ३ फेब्रुवारी

चार वाजता सूनबाईनं कप पुढे ठेवला आणि लगबगीनं आत गेली. एरवी आपला कप घेऊन समोर बसते. आज आत! तिथंच मनात पाल चुकचुकली.

कपात पाहतो तर पाणी. अगदी पाणी नाही म्हणा—वाळल्या गवतावरून ऊन उतरताना जो एक पिवळट-हिरवा रंग दिसतो, तसलं काहीतरी. हाक मारली, "अगं, पत्ती टाकायची राहिली वाटतं!" आतून उत्तर—"ग्रीन टी आहे तो, बाबा. पिऊन तर बघा."

ग्रीन टी! या घरात! छत्तीस वर्षं चहाच्या वखारीत रोज दोन-दोनशे कप चाखले मी. माझ्या एका शब्दावर पेट्या उघडल्या नि बंद झाल्या. घरी मात्र एकच—कोरा, काळा, कडक. बायको गेली तेव्हा तिच्या उशाशीसुद्धा तोच अर्धा कप होता. आणि आता हे.

एक घोट घेतला. गरम पाणी. दुसरा घेतला. गरम पाणी, जरा निवलेलं. कडू नाही, तुरट नाही, वास नाही. उरलेलं कुंडीत ओतलं. कुंडीनंही तोंड वाकडं केलं असेल.

विचारलं, "हे एकाएकी कशासाठी?" म्हणे, "सहज." सहज म्हणून कुणी जन्माचा चहा बदलत नाही. कुठंतरी पाणी मुरतंय.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

पुन्हा तेच. पुन्हा गरम पाणी. पुन्हा "सहज".

बुधवार, ५ फेब्रुवारी

सूनबाई पहाटेपासून अकरापर्यंत बेकरीत, भट्टीवर. मुलगा बोटीवर, तो उन्हाळ्याशिवाय येत नाही. म्हणजे सकाळी घर माझं. स्वयंपाकघराची झडती घेतली! चौऱ्याहत्तराव्या वर्षी स्वतःच्या घरात चोरासारखा स्टुलावर चढलो. तोल गेला असता तर बोटीवर तार काय पाठवली असती तिनं?—"बाबा ग्रीन टी शोधताना पडले."

मागच्या बाजूला डबा सापडला. सुटी पत्ती. खिडकीशी नेऊन तळहातावर पसरली. लांब, बारीक, एकसारखी वळलेली. भुकटी नाही, काड्या नाहीत. खोटं कशाला बोलू, पत्ती उत्तम आहे. कुणीतरी जीव लावून खुडलेली.

मग चव का नाही? दोन शक्यता. एक, दुकानदारानं वर चांगली नि खाली जुनी भरली. दोन, चांगल्या पत्तीचा एकदा चहा काढून झाला की तीच वाळवून मला देतात. सूनबाई काटकसरी आहे, पण अशी नाही. असं मला आजवर वाटत होतं.

आणखी एक दिसलं. वखारीतून दर महिन्याला मला भेट म्हणून जो चहा येतो त्याचे दोन पुडे तसेच पडलेले. डिसेंबरचा नि जानेवारीचा. म्हणजे नोव्हेंबरचाच पुडा अजून पुरतोय, आणि तो मी एकटाच पितोय. ती पीतच नाही! कधीपासून?

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज मापारी आला. मापारी हे त्याचं नाव नव्हे, मीच पाडलेलं. नोकरीच्या पहिल्या दिवशी पत्ती तोलायला सांगितली तर सोनं तोलावं तसा श्वास रोखून तोलत बसला होता. सगळी खोली हसली. आज तोच मुख्य चाखणारा. केस पिकले, पण दर गुरुवारी नमुन्यांची पेटी घेऊन या म्हाताऱ्याकडे येतो. "तुमच्या मताशिवाय पाऊल टाकत नाही, मास्तर." कोण म्हणतं हल्ली असं कुणाला?

सगळं साग्रसंगीत. टेबल खिडकीशी, उत्तरेचा उजेड. झाकणाची चार पांढरी भांडी. पत्ती तोलून, उकळतं पाणी, बरोबर सहा मिनिटं. चहा कपात, भिजली पत्ती झाकणावर उपडी. मग चमच्यानं सुर्रकन ओढायचा, जिभेवर खेळवायचा, थुंकून टाकायचा. शेजारचे काका पूर्वी भिंतीवर थापा मारायचे त्या आवाजानं.

"आधी तुम्ही, मास्तर."

एक नंबर—भरदार, पण उद्धट. दोन—संथ, शेवटच्या तासाला वर्गात तिरपं ऊन यायचं तसा. तीन—पोकळ. चार—बरा, वाढत्या अंगाचा. मापारी भराभर लिहून घेतो. माझ्या उपमांना वखारीत सगळे हसत. तो कधी हसला नाही. कवितेचा तास नेमका शेवटचा असायचा आमच्या शाळेत. गुरुजी चाल लावून म्हणायचे, निम्मा वर्ग पेंगायचा, मी मात्र खिडकीबाहेर त्या कवितेतला झरा वाहताना बघायचो. तो झरा मी पुढे छत्तीस वर्षं कपात ओतला.

जाताना मापारी रेंगाळला. म्हणाला, "तक्रारी येतायत, मास्तर. पुड्यांतल्या चहाबद्दल. धाकटे मालक म्हणतात, मार्चचं मिश्रण जमलं नाही तर चाखणीची खोलीच बंद. बाहेरून तयार माल घेऊ."

"आणि तू?"

"मी काय... बघू." घाम पुसत होता. फेब्रुवारीत!

म्हटलं, "साठवण बघ. ओल लागली असेल. नाहीतर कुणीतरी भेसळ करतंय." तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. जणू मी पकडलंच त्याला.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

सूनबाईला सरळ विचारलं. "वखारीचे पुडे फोडत का नाहीस?"

आधी टाळाटाळ. मग म्हणाली, "खरं सांगू? रागावू नका. तो हल्ली चहासारखा लागतच नाही. कधी करपट, कधी नुसता रंग. वर्षभर प्याले तुमच्यासाठी. आता नाही घशाखाली उतरत."

"म्हणून हे गवत?"

"दुसऱ्या कुणाचा काळा चहा आणला असता तर तुम्ही घर डोक्यावर घेतलं असतं. म्हटलं, हा वेगळाच आहे, याच्यावर वखारीचा काही हक्क नाही."

"तोंड सांभाळून बोल," मी म्हणालो. "पाव भाजणाऱ्यांनी चहाचं सांगू नये." ती उठून गेली. कप तसाच.

पाव भाजणाऱ्यांनी! लागलं असणार तिला. पण मलाही लागलंय. मी दर गुरुवारी पास केलेला चहा हिला करपट लागतो? मग एकच अर्थ उरतो. माझ्यापुढे येतात ते नमुने वेगळे आणि पुड्यात जातो तो माल वेगळा. मापारी मला तोंडदेखलं चांगलं आणून दाखवतो, माझं नाव वापरतो आणि मागे—

नाही. मापारी नाही. पण घाम का पुसत होता?

रविवार, ९ फेब्रुवारी

दोन दिवस सूनबाईचं बोलणं "हो", "नाही", "ठेवलंय". चार वाजता कप मात्र येतो. हिरवाच. तिचा हट्ट आणि माझा हट्ट, टेबलावर समोरासमोर.

वहीच्या मागच्या पानावर कविता करायला बसलो:

हिरवे पाणी, हिरवी पाती,
कुणी न त्याची सांगे जाती—

पुढे जमेना. नवीन गोष्टीवर कविता होतच नाही माझ्याकडून. जुनी असली की शब्द आपोआप रांगेत उभे राहतात, प्रार्थनेच्या वेळी उभे राहायचे तसे. या हिरव्याला मागे काहीच नाही. ना वर्ग, ना खिडकी.

सोमवार, १० फेब्रुवारी

ठरवलं. संशयावर किती दिवस काढायचे? चाखणाऱ्यानं चाखून निकाल द्यावा. माळ्यावरची माझी जुनी भांडी काढली, धुतली. हिरवी पत्ती तोलली. पाणी खळाखळा उकळून ओतलं आणि घड्याळ लावून सहा मिनिटं. वखारीत लावतो तोच कायदा, कुणाला सवलत नाही.

सूनबाई दारात येऊन उभी. "बाबा, याला इतकं उकळतं पाणी नसतं घालायचं. आणि दोन मिनिटं पुरतात."

"मला शिकवू नकोस."

"बरं."

झाकण काढलं. रंग या वेळी गडद. सुर्रकन ओढला, खेळवला, थुंकला. चांगला तीनदा. आणि वहीत लिहिणार—"पोकळ, चव नाही"—तेवढ्यात तिनं माझ्या हातातला चमचा घेऊन एक घोट घेतला.

धावतच मोरीकडे गेली. चूळ भरली, पुन्हा भरली. "अहो बाबा! केवढा कडू! जीभ वळली माझी! तुम्ही तीनदा घेतलात?"

मी म्हणालो, "सवय असते आम्हाला."

मंगळवार, ११ फेब्रुवारी

मला कडू लागला नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

सकाळी, ती बेकरीत असताना. तीन सारखे कप. एकात गरम पाणी, एकात माझा काळा, एकात तिचा हिरवा. तिन्ही सारखे निवू दिले. डोळे मिटले. टेबलावर कप गोल गोल फिरवले, कुठला कुठे ते कळेनासं होईपर्यंत.

पहिला घोट—पाणी. दुसरा—पाणी. तिसरा—पाणी.

म्हटलं, घाई झाली. पुन्हा केलं. चारदा केलं. एकदा तर पाण्याचा कप उचलून "हा काळा" म्हणालो. मोठ्यानं म्हणालो. रिकाम्या घरात केवढा आवाज झाला!

मग डोळे उघडे ठेवून काळा उचलला. तो रंग दिसला, आणि आली की चव! तीच, भरदार, मागून जराशी गोड. डोळे मिटले, गेली. उघडले, आली.

ही चव जिभेची नाही. आठवणीची आहे. काळा चहा दिसला की मी तो आठवतो, आणि त्यालाच चाखणं समजतो. हिरव्याची आठवणच नाही माझ्याकडे, म्हणून तो पाणी. दुकानदार खरा. सूनबाई खरी. पत्ती उत्तम.

कधी गेली असेल? काल? पाच वर्षांपूर्वी? दात पडला की कळतं, केस गळला की उशीवर दिसतो. ही कशी न सांगता गेली! बायको असती तर तिनं ओळखलं असतं. "आज मीठ जास्त झालंय, तुम्ही बोलला नाहीत," म्हणाली असती.

आणि दर गुरुवारचे ते चार नमुने! भरदार, उद्धट, संथ, पोकळ—पत्तीकडे बघून मी कविता सांगत होतो. आणि मापारी त्या कवितेवर वखार चालवत होता. तक्रारी माझ्यामुळे आहेत. मी कुणाकुणावर संशय घेतला!

उद्या गुरुवार.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सांगितलं नाही.

तोंडाशी आलं होतं. पण त्यानं पेटी उघडली, भांडी मांडली, म्हणाला, "मास्तर, आजचं फार महत्त्वाचं. मार्चचं मिश्रण यातून ठरणार. या मिश्रणावर माझी खोली आहे. खोलीतली पाच माणसं आहेत." आणि मग नेहमीचं, "आधी तुम्ही."

चार कप समोर. चारही माझ्याकडे बघत होते. ओढला, खेळवला, थुंकला. मुद्दाम मोठ्यानं.

"दोन नंबर," मी म्हणालो.

का दोन? त्यातली पत्ती सर्वांत देखणी होती. बस्स.

"नक्की ना, मास्तर?"

"शंका आहे का तुला?"

"नाही, नाही! दोन नंबर. पक्कं." आणि केवढा हसला! खांद्यावरची पोती उतरवल्यासारखा. जाताना वाकून नमस्कार केला त्यानं. पाय मागे घ्यावेसे वाटले मला.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आजवर चुकलो असेन, पण खोटा नव्हतो. काल खोटा झालो. जाणूनबुजून. पाच माणसं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

चार वाजता सूनबाईनं हिरवा आणून ठेवला. म्हटलं, "बस. आत जाऊ नकोस." ती बसली. अजून जराशी फुगलेली.

"मला सांग, कसा लागतो हा?"

"मला कुठं तुमच्यासारखं बोलता येतं?"

"येईल तसं सांग."

तिनं घोट घेतला. डोळे मिटून! मला हेवा वाटला. म्हणाली, "आधी काहीच नाही. मग... पाऊलवाट असते ना, कुणीतरी नुकतंच गवत कापून गेलेलं असतं, तसा वास. मग जिभेच्या कडेला थोडं कडू. गिळला की कडू जातं आणि गोड राहतं. साखरेचं नाही. हिरव्या वाटाण्याची शेंग चावल्यावर येतं तसं." मग लाजली. "काहीतरीच बोलते मी."

मी वहीत लिहून घेतलं. मापारी माझं लिहून घेतो तसं, भराभर. छत्तीस वर्षांत असा शब्द नाही सुचला मला—"गिळला की कडू जातं."

तिनं माझ्या कपाकडे बघितलं. मग माझ्याकडे. "बाबा," ती म्हणाली, अगदी हळू, "कधीपासून?"

बेकरीत पीठ आंबलं की नाही ते नुसत्या वासावर ओळखते ती. तिच्यापासून काय लपणार?

"ठाऊक नाही," म्हटलं. "सोमवारी कळलं. तू मोरीकडे धावलीस तेव्हा."

तिनं पदरानं टेबल पुसलं. टेबल स्वच्छ होतं. मग म्हणाली, "मापारीकाकांना सांगायला हवं. मिश्रण लागून पुडे भरायच्या आत."

"तो काय म्हणेल?"

"काहीही म्हणू देत. त्यांच्या खोलीचा प्रश्न आहे, बाबा. तुमच्या मानाचा नंतर बघू."

पावाच्या भट्टीपाशी उभी राहणारी माणसं स्पष्ट बोलतात. मघाशी तिची माफी मागायची राहून गेली. उद्या.

रविवार, १६ फेब्रुवारी

मागितली. म्हणाली, "कशाची? मला आठवतही नाही." आठवत होतं.

वखारीत निरोप धाडला—मापारी मालासाठी परगावी. बुधवारी रात्री परतणार, गुरुवारी येईल. मिश्रण शुक्रवारी लागणार. मध्ये एक दिवस आहे.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सांगितलं.

आधी भांडी मांडू दिली नाहीत. म्हटलं, "पेटी मिटव. बैस." तो बसला, अर्ध्या खुर्चीवर, पूर्वी परीक्षेला बसायचा तसा. मी म्हणालो, "मापारी, माझी जीभ गेली आहे. चव नाही, वास नाही. केव्हा गेली ते कळलं नाही. आधीचं सगळं अजाणता झालं. पण मागच्या गुरुवारचा दोन नंबर मी जाणून खोटा सांगितला. तो लावू नकोस. तू स्वतः चाख, आणि तुझ्या जिभेला पटेल तो लाव. तू माझ्यापेक्षा चांगला आहेस, मी हे कधी बोललो नाही. आज बोलतो."

वाटलं, रागावेल. किंवा म्हणेल, असू द्या मास्तर, वय झालं. दोन्हीची तयारी होती.

त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. उठला, दाराकडे गेला, परत आला, माझ्या हातावर हात ठेवला—बर्फ—आणि निघून गेला. पेटी इथंच! चाखणारा नमुन्यांची पेटी सोडून जात नाही. मी शिकवलंय त्याला.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

पुन्हा संशय. सरळ मालकांकडे गेला असेल. "म्हातारा इतकी वर्षं बनवत होता." सांगू दे. त्याचा हक्कच आहे. पण एक शब्द तरी बोलायचा होता मला.

मिश्रण लागलं की नाही, कळायला मार्ग नाही. सूनबाई म्हणते, "जेवा आधी." जेवलो. काय जेवलो, तिलाच विचारावं लागेल.

शनिवार, २२ फेब्रुवारी

सूनबाई नुकतीच कामावरून आली होती. मापारी दारात. रात्रभर झोपलेला नाही. मिश्रण थांबवलंय त्यानं, मालकांकडून सोमवारपर्यंत मुदत मागून. आत येईना. उंबऱ्यातूनच म्हणाला—

"मास्तर, माझी दोन वर्षांपूर्वीच गेली. त्या मोठ्या तापात. परत आलीच नाही. तुम्ही आहात म्हणून कुणाला बोललो नाही. तुमच्या जिभेवर काढले हे दिवस."

दोन वर्षं! त्या वखारीतला चहा दोन वर्षं कुणीच चाखलेला नाही.

आम्ही दोघं पेटीकडे बघत बसलो.

मग आतून सूनबाईचा आवाज आला, पिठाचे हात धूत असावी—"पेटी इकडे आणा, मापारीकाका. आणि बाबा, तुम्ही वही घ्या. मी सांगते, तुम्ही लिहा."